शोपँची कामाची पत्रं

टोपी दूपोंच्या दुकानातूनच घ्यायची. माझं माप त्याच्याकडे आहे आणि मला टोपी किती हलकी लागते हेही त्याला ठाऊक आहे. यंदाच्या फॅशनची असू दे, पण अति नको. मग शिंप्याकडे जायचं आणि हिवाळ्यासाठी गडद करड्या रंगाची पँट शिवायला टाकायची. काळ्या मखमलीचं एक जाकीट सांगायचं. त्यावर नक्षी असली तर ती डोळ्यांत भरता कामा नये. घराच्या भिंतींना लावायचा कागद कबुतरी रंगाचा, चकचकीत, कडेने गडद हिरवी बारीक पट्टी.

ही यादी पोलिश संगीतकार फ्रेदेरिक शोपँची. १८३९ सालचा उन्हाळा संपत आला होता. तो फ्रान्समधल्या नोआँ नावाच्या खेड्यात, लेखिका जॉर्ज सँडच्या घरी राहत होता आणि पॅरिसला परतण्याआधी त्याला तिथे राहायला जागा हवी होती. जागा शोधायची, रंगरंगोटी करून घ्यायची, नोकर बघायचा, कपडे शिवून घ्यायचे, ही सगळी कामं त्याने एका माणसावर टाकली होती. तो माणूस म्हणजे युलियान फोंताना. वॉर्सात दोघं एका शाळेत होते, वयानेही बरोबरीचे. फोंताना स्वतः पियानो वाजवायचा, थोडंफार संगीतही रचायचा; पण आज त्याचं नाव कोणाला माहीत असेल तर ते या पत्रांमुळे आणि शोपँच्या हस्तलिखितांच्या त्याने केलेल्या सुबक नकलांमुळे.

मी आर. एम. एस. मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टर होतो. नोकरीची सगळी वर्षं रात्रपाळीत, धावत्या डब्यात, पत्रांच्या बाहेरच्या बाजूशी माझा संबंध आला. गाव, तालुका, जिल्हा वाचायचं आणि पत्र बरोबर खणात टाकायचं. आतला मजकूर वाचणं हा आमच्या खात्यात गुन्हा, आणि तसं कधी मनातही आलं नाही. निवृत्त झाल्यावर मुलीने शोपँच्या पत्रांचा इंग्रजी संग्रह हातात ठेवला. ती पियानो शिकलेली, त्यामुळे शोपँचं संगीत घरात आधीपासूनच होतं; पण त्या माणसाची गाठ पडली ती या पत्रांतून. वाचताना माझी जुनी सवय आपोआप जागी झाली. पत्र कुठून निघालं, कोणाच्या नावे, कोणत्या मार्गाने, पोचलं का, आणि पोचल्यावर त्याचं काय झालं, हे मी आधी पाहतो. शोपँच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जितकं महत्त्वाचं आहे तितकं क्वचितच कोणाच्या बाबतीत असेल.

कारण माणसाचा पत्रव्यवहार त्याच्या स्वतःच्या घरात नसतोच. त्याने लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या घरी असतात. शोपँने कोणाकोणाला काय लिहिलं यातलं आपल्या हाती काय लागणार, हे शोपँने ठरवलं नाही. ते ठरवलं पत्र घेणाऱ्यांनी, त्यांच्या वारसांनी, सरहद्दीवरच्या जकात अधिकाऱ्यांच्या भीतीने आणि एका संध्याकाळी वॉर्साच्या रस्त्यावर पेटलेल्या ढिगाने. आईवडिलांना आणि बहिणींना लिहिलेली बरीचशी पत्रं गेली. ज्या जॉर्ज सँडबरोबर त्याने नऊ वर्षं काढली तिचा आणि त्याचा पत्रव्यवहार जवळजवळ सगळा गेला. राहिली ती मित्रांनी जपलेली, आणि मित्रांना तो बहुतेक वेळा कामं सांगायचा. म्हणून शोपँ आपल्याला भेटतो तो मुख्यतः काम सांगणारा माणूस म्हणून. हे नुकसान आहे असं पुष्कळ लोक म्हणतात. मला मात्र या कामांच्या पत्रांचं फार मोल वाटतं.

माजोर्काचंच बघा. नोव्हेंबर १८३८ मध्ये तो सँड आणि तिच्या दोन मुलांबरोबर त्या बेटावर गेला. पाल्माहून फोंतानाला पहिलं पत्र गेलं त्यात नुसती झाडांची रांग आहे: ताड, देवदार, निवडुंग, ऑलिव्ह, संत्री, लिंबं, कोरफड, अंजीर, डाळिंब. आकाश असं, समुद्र तसा, दिवसभर ऊन, रात्री गिटार. डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरं पत्र निघालं तोवर पाऊस लागला होता आणि तो अंथरुणाला खिळला होता. बेटावरचे तीन नामवंत डॉक्टर येऊन गेले. एकाने थुंकीचा वास घेतला, दुसऱ्याने ती जिथून येते तिथे बोटांनी ठोकून पाहिलं, तिसऱ्याने तो थुंकताना कान लावला. एक म्हणाला हा मेला, दुसरा म्हणाला मरतोय, तिसरा म्हणाला मरणार. अंगातून रक्त काढायला निघालेल्या त्या डॉक्टरांना त्याने कसंबसं थोपवलं. आणि हे सगळं सांगून लगेच पुढची काळजी: या दुखण्याचा परिणाम प्रिल्यूडांवर, म्हणजे पियानोच्या छोट्या रचनांवर, होतोय, ते तुला कधी मिळतील देव जाणे.

तीन डॉक्टरांचा हा उतारा त्याच्या प्रत्येक चरित्रात असतो. मला त्यापेक्षा २८ डिसेंबरचं पत्र जवळचं आहे. ते वाल्देमोसाच्या ओसाड मठातून लिहिलेलं आहे. डोंगरकडे आणि समुद्र यांच्यामध्ये एक भलामोठा रिकामा मठ. त्यातल्या एका खोलीत, जिची दारं पॅरिसच्या वाड्यांच्या दरवाजांपेक्षा मोठी, तिथे मी बसलोय अशी कल्पना कर, असं तो लिहितो. केस विंचरलेले नाहीत, हातात पांढरे मोजे नाहीत, चेहरा नेहमीसारखाच फिकट. खोलीचा आकार उंच शवपेटीसारखा. एक जुनं चौकोनी मेज, त्यावर शिशाचा मेणबत्तीदान, बाखचं संगीत आणि स्वतःचे खरडलेले कागद. कितीही ओरडलं तरी आवाज येत नाही अशी शांतता. पॅरिसहून पाठवलेला प्लेयेल कंपनीचा पियानो बंदरात अडकून पडलेला, जकातवाले वाटेल तेवढे पैसे मागत होते.

या पत्रांच्या वाटेचाही विचार करावा. बेटावरून टपाल आगबोटीने बार्सिलोनाला जायचं आणि तिथून जमिनीवरून पॅरिसला. फ्रान्समध्ये टपालाचं तिकीट आलं ते १ जानेवारी १८४९ ला, म्हणजे शोपँच्या मृत्यूच्या वर्षी. त्याआधी कागदच घडी घालून लाखेने बंद करायचा आणि त्याच्याच पाठीवर पत्ता लिहायचा. पैसे बहुधा घेणाऱ्याने द्यायचे. आमच्याकडे नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेलं, पत्र आलं की लोक कपाळाला आठ्या घालायचे. तिकडे ती रीतच होती. फोंताना कामं तर करायचाच, आणि ती कामं सांगणाऱ्या पत्रांचे पैसेही बऱ्याचदा त्यालाच मोजावे लागत असणार.

जानेवारी १८३९ मध्ये प्रिल्यूड तयार झाले. ते फोंतानाकडे गेले आणि बरोबर सूचना: नक्कल कर, एक प्रत या प्रकाशकाला, एक त्याला, पैसे इतके घे, त्यातून अमक्याचं भाडं दे, तमक्याचं देणं फेड. पियानोच्या इतिहासातल्या सर्वांत थोर रचनांपैकी चोवीस रचना अशा एका हिशोबाच्या पत्रातून जगात आल्या. फेब्रुवारीत ही मंडळी बेट सोडून निघाली ती डुकरांनी भरलेल्या आगबोटीतून, आणि वाटेत शोपँला रक्ताच्या उलट्या झाल्या.

आणि त्याच उन्हाळ्यातलं ऑगस्टचं पत्र! नोआँहून तो सांगतो की मी बी फ्लॅट मायनर सोनाटा, म्हणजे अनेक भागांची पियानोरचना, लिहितोय, त्यात तुला माहीत असलेला माझा मार्च, म्हणजे शोकयात्रेचं संगीत, येईल. एक अलेग्रो, मग स्केर्झो, मग मार्च, आणि शेवटी छोटासा भाग, माझ्या अक्षरात तीनेक पानांचा; मार्च संपल्यावर डावा आणि उजवा हात एकाच सुरात कुचुकुचू गप्पा मारतात. एवढंच. ज्या शोकमार्चवर आणि त्यानंतरच्या त्या भन्नाट दीड मिनिटावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली, कोणी त्याला थडग्यांवरून घोंगावणारा वारा म्हटलं, त्याबद्दल खुद्द कर्त्याचे शब्द हे असे आहेत. तो स्वतःच्या संगीताबद्दल यापेक्षा जास्त क्वचितच बोलला. म्हणून हे एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि मुलगी तो भाग वाजवते तेव्हा मला दोन माणसं परतीच्या वाटेवर हळू आवाजात बोलताना ऐकू येतात.

त्याच्या पत्रांतलं सगळंच गोड नाही, आणि ते झाकणं मला पटत नाही. प्रकाशकांशी घासाघीस करताना, विशेषतः ज्यू प्रकाशकांबद्दल, त्याने असे शब्द वापरलेत की वाचताना मान खाली जाते. त्या काळी सगळेच तसं बोलायचे हे खरं असेल, पण म्हणून ते शब्द बरे ठरत नाहीत. फोंतानालाही तो कधी लाडाने हाका मारायचा, कधी गाढव म्हणायचा. पुढे फोंताना क्यूबाला गेला, मग न्यूयॉर्कला, मग परत पॅरिसला आला. शोपँने मरताना सांगितलं होतं की न छापलेलं संगीत जाळून टाका. फोंतानाने त्यातलं निवडून १८५५ मध्ये छापलं, घरच्यांच्या संमतीने. फँटसी इम्प्रॉम्प्टू ही पियानोरचना आज आपल्याला ऐकायला मिळते ती त्यामुळेच. १८६९ मध्ये पॅरिसमध्येच या फोंतानाने आपला जीव संपवला.

आता एक टपालाची गोष्ट. ग्झिमावा नावाच्या दुसऱ्या पोलिश मित्राला शोपँने जुलै १८४९ मध्ये ती कळवली. त्याची जेन स्टर्लिंग नावाची स्कॉटिश शिष्या होती. तिची त्याच्यावर निस्सीम भक्ती. त्याच्याकडे पैसे उरले नाहीत हे कळल्यावर त्या वर्षीच्या मार्चमध्ये तिच्याकडून पंचवीस हजार फ्रँक पाकिटात घालून, नाव न लिहिता, त्याच्या इमारतीच्या द्वारपाल बाईंच्या हाती देण्यात आले. बाईंनी पाकीट पोचवलंच नाही. महिने गेले, आणि स्टर्लिंगच्या मंडळींना कळेना की एवढी रक्कम मिळूनही हा माणूस अजून अडचणीत कसा. शेवटी विषय निघाला, शोध सुरू झाला. एका नावाजलेल्या अंतर्ज्ञानी माणसाचा सल्लाही घेतला गेला; त्याला त्या बाईंच्या डोक्याचे केस हवे होते, तेही युक्तीने मिळवून दिले गेले. पाकीट सापडलं ते बाईंच्याच खोलीत, सील न मोडलेलं, पैसे जसेच्या तसे. शोपँ हे सगळं सांगतो आणि स्वतःच चक्रावून जातो. बटवड्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ते पत्र वाचून घाम फुटतो. मरणाच्या दारात असलेल्या माणसाचं औषधपाणी आणि घरभाडं एका खणात पडून राहिलं होतं.

आता जी गेली त्यांच्याबद्दल.

शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ ला गेला. थोरली बहीण लुद्विका तेव्हा त्याच्याजवळ होती. वॉर्साला परतताना तिने भावाचं हृदय बरोबर नेलं, ते आज तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. सामानात जॉर्ज सँडने त्याला लिहिलेली पत्रंही होती. वॉर्सा तेव्हा रशियाच्या अमलाखाली होतं; रशियन जकातीवर ती उघडली जातील या भीतीने लुद्विकाने ती सरहद्दीअलीकडे, प्रशियाच्या हद्दीतल्या मिस्वोवित्से गावात ओळखीच्यांकडे ठेवली. १८५१ मध्ये फ्रेंच लेखक धाकटा अलेक्झांडर द्युमा एका स्त्रीच्या मागे त्या भागात आला आणि परवाना नसल्याने सरहद्दीवर अडकून पडला. तिथे कोणीतरी त्याला ही पत्रं दाखवली. त्याने वडिलांना कळवलं, वडिलांनी सँडला, आणि पत्रं पॅरिसला परत आली. सँडने ती वाचली आणि जाळली. तिची पत्रं तिने जाळली यात तिचा हक्क होता असं मी मानतो. तरी वाटतं, लुद्विकाने ती आणखी दोन मुक्काम पुढे नेली असती तर?

तर कदाचित ती दुसऱ्या आगीत गेली असती. १९ सप्टेंबर १८६३. पोलंडमध्ये उठाव चालू होता. वॉर्सातल्या झामोय्स्की वाड्यातून रशियन गव्हर्नर बेर्गवर हल्ला झाला, तो वाचला. सैनिक वाड्यात घुसले आणि खिडक्यांतून सामान रस्त्यावर फेकायला लागले. शोपँची दुसरी बहीण इझाबेला तिथे राहत होती. शोपँ तरुणपणी ज्यावर वाजवायचा तो पियानो खाली आला, आणि त्याच ढिगात त्याची घरी लिहिलेली पत्रं. सगळं पेटवून दिलं. पोलिश कवी नॉर्विदने या पियानोवर कविता लिहिली आणि ती तिकडे प्रसिद्ध आहे. पियानोबद्दल मलाही वाईट वाटतं, पण पियानो दुसरा मिळतो. एकविसाव्या वर्षापासून पॅरिसमध्ये राहणारा मुलगा आईला काय लिहायचा, याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

काही थोडं वाचलं, तेही दोन वाटांनी. मौरित्सी कारासोव्स्की या चेलोवादकाने आगीआधी घरची पत्रं पाहिली होती आणि उतरवून घेतली होती. त्याने ती चरित्रात छापली. पण छापताना त्याने शब्दांना इस्त्री केली, कुठे गाळलं, कुठे जोडलं. आता मूळच नाही तेव्हा ताडून बघणार कशाशी? दुसरी वाट लुद्विकाच्या वारसांची. त्यांच्याकडे राहिलेली पत्रं संगीतकार कार्वोविचने १९०४ मध्ये प्रसिद्ध केली. हाच कार्वोविच पाच वर्षांनी तात्रा डोंगरात बर्फाच्या कड्याखाली सापडून गेला, अवघा बत्तिसाव्या वर्षी. दुसऱ्या महायुद्धात आणखी नुकसान झालं. मारिया वोजिन्स्का या मुलीशी शोपँचं लग्न जवळजवळ ठरलं होतं आणि मग ते फिसकटलं. तिच्या घरच्यांची पत्रं त्याने एका पाकिटात फितीने बांधून वर पोलिशमध्ये लिहिलं होतं: माझं दुःख. ते पाकीट युद्धात नाहीसं झालं, फोटो तेवढा शिल्लक आहे.

जिथे एवढी मोठी पोकळी, तिथे ती भरायला कोणीतरी येणारच. १९४५ मध्ये पाउलिना चेर्नित्स्का नावाची बाई पुढे आली. शोपँने काउंटेस देल्फिना पोतोत्स्काला लिहिलेली पत्रं आपल्याकडे आहेत असं ती सांगू लागली. देल्फिना खरीच होती. गळा सुरेख, आणि शोपँच्या अखेरच्या दिवसांत तिने त्याच्या खोलीत गाऊन दाखवलं होतं. एफ मायनर कन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, तिलाच अर्पण केलेला. पण चेर्नित्स्काने मूळ कागद कधीच दाखवले नाहीत, १८४९ नंतर बरोबर शंभर वर्षांनी तिने आत्महत्या केली, आणि अभ्यासकांनी ती पत्रं बनावट ठरवली. त्यातले उतारे मी वाचलेत. त्यात शोपँ कलेवर, निर्मितीवर, बाख आणि मोझार्टवर लांबलचक बोलतो आणि मधूनमधून कमालीचं शृंगारिक लिहितो. खरी पत्रं वाचलेल्या माणसाला ती कृत्रिम वाटायला तज्ज्ञ लागत नाही. त्यांत टोपी नाही, भाडं नाही, नोकराचा पगार नाही. लोकांना शोपँकडून जे ऐकायचं होतं तेच त्या पत्रांत लिहिलेलं आहे.

खरा शोपँ कसा लिहायचा हे पाहायचं असेल तर २५ जून १८४९ चं लुद्विकाला लिहिलेलं पत्र वाचा. पॅरिसमध्ये तेव्हा कॉलऱ्याची साथ होती आणि तो शहराच्या कडेला शायोला उंचावर राहायला गेला होता. सुरुवातच अशी: जमत असेल तर या. मी अशक्त झालोय आणि तुम्ही याल तसा कुठल्याच डॉक्टरचा मला उपयोग होणार नाही. पैसे नसतील तर उसने घ्या. बरा झालो की मी सहज कमवेन आणि फेडेन. रशियाच्या अमलाखालच्या वॉर्सातून बाहेर पडायला परवाना लागायचा, तो मिळवायची घाई करा, कोणाकडे शब्द टाकायचा ते बघा. आणि मग, लुद्विका आणि तिची मुलगी, जिचं नावही लुद्विका, या दोघींनी येताना अंगुस्तान आणि विणायच्या सुया घेऊन याव्यात. रुमालांवर नावं घालायला देईन, पायमोजे विणायला देईन.

बहिणीला हाक मारताना आपल्या मरणाचं ओझं तिच्यावर नको, म्हणून त्याने तिला काम सांगितलं. फोंतानाला जसं सांगायचा तसंच. सुया आण, बसून काहीतरी विण, म्हणजे ही भेट नेहमीची भेट वाटेल. मला त्याच्या कुठल्याही पत्रात यापेक्षा जास्त माया दिसलेली नाही. परवाना मिळाला. ऑगस्टमध्ये लुद्विका नवरा आणि मुलीसह पॅरिसला पोचली. नवरा काही आठवड्यांत परत गेला. ती मात्र शेवटपर्यंत तिथे राहिली.